टोपड्याचा पहिला काठ: टाके घालताना काय पाहावं

बाळाला टोपडं बसलं नाही की आपण म्हणतो, माप चुकलं. मग टाके मोजावेत तर ते बरोबर निघतात, उंची बरोबर असते, लोकरही सांगितली तीच असते. अडलेलं असतं ते अगदी सुरुवातीला. वरचं विणकाम दोन्ही हातांनी ओढलं तर छान पसरतं, पण ज्या ओळीने टाके घातले ती ओळ हलतच नाही. बाळाच्या कपाळावर लाल वळ उमटतो तो त्याच ओळीचा.

आपल्यापैकी बहुतेकजणी आईकडून, सासूबाईंकडून किंवा शेजारच्या काकूंकडून टाके घालायची एकच पद्धत शिकलेल्या असतात. स्वेटरचा घेर असो, मोजे असोत की टोपडं, हात आपोआप तेच करतो. स्वेटरच्या घेराला ते चालून जातं. टोपड्याला चालत नाही, कारण टोपड्याचा काठ दिवसातून अनेकदा ताणला जातो आणि दर वेळी त्याने परत जागेवर यायला हवं. म्हणून हा लेख फक्त त्या एका ओळीबद्दल आहे. दिवा, मुंब्रा, डोंबिवली भागात कुणाच्या तरी बाळंतविड्यासाठी सुया हातात घेणाऱ्या प्रत्येकीला ती ओळ नीट जमावी, एवढीच माझी इच्छा आहे.

बाळंतविड्यातलं जुनं टोपडं मऊ सुती कापडाचं असे. झबली, दुपटी, लंगोट आणि कुंची यांच्याबरोबर ते शिवलं जाई आणि त्याला हनुवटीखाली बांधायला बंद असत. कापड ताणत नाही, म्हणून बंदांशिवाय ते डोक्यावर टिकायचं नाही. लोकरीचं टोपडं विणताना आपण सवयीने त्यालाही बंद लावतो. खरं तर सुलट-उलट टाक्यांची बॉर्डर स्वतःच डोकं धरून ठेवते, तिला बंदांची गरज नसते. अट इतकीच, की बॉर्डरच्या खालचा काठ तिला मोकळेपणी पसरू देणारा आणि परत आवळू देणारा हवा. बंद नसलेलं टोपडं बाळाला सुरक्षितही असतं. गळ्याजवळ लांब नाडी नकोच. त्यामुळे काठाची निवड ही शोभेपेक्षा सोयीची आणि काळजीची बाब आहे.

टाके किती घालायचे, ते आधी ठरवू. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांत जन्मवेळी डोक्याचा सरासरी घेर मुलग्यांचा साधारण ३४.५ सेंटिमीटर आणि मुलींचा ३३.९ सेंटिमीटर धरला आहे. तीन महिन्यांनी तो अनुक्रमे ४०.५ आणि ३९.५ होतो, सहा महिन्यांनी ४३.३ आणि ४२.२. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत डोकं महिन्याला सुमारे दोन सेंटिमीटरने वाढतं, पुढे वेग कमी होतो. आपल्याकडे बाळ कोणत्या महिन्यात जन्मणार, हे म्हणूनच महत्त्वाचं. दिव्यात लोकरीच्या टोपड्याचे दिवस मोजकेच असतात, डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटा आणि रात्री. ऑगस्टमध्ये जन्मणाऱ्या बाळासाठी जन्माच्या मापाचं लोकरीचं टोपडं विणलं तर ते वापरायची वेळ येईपर्यंत बाळ चार महिन्यांचं झालेलं असेल आणि डोकं ४१ सेंटिमीटरच्या आसपास गेलेलं असेल. अशा बाळासाठी थंडीतलं माप धरून विणा आणि जन्मवेळेसाठी सुती धाग्याचं एखादं छोटं टोपडं वेगळं करा.

टोपडं डोक्यापेक्षा साधारण दहा टक्के लहान विणायचं असतं, तरच ते बसून राहतं. ३५ सेंटिमीटरच्या डोक्याला ३१-३२ सेंटिमीटरचा घेर पुरतो. बारीक बेबी वुल दहा नंबरच्या, म्हणजे ३.२५ मिलिमीटरच्या सुयांवर विणली आणि १० सेंटिमीटरमध्ये २८ टाके बसले, तर ३२ सेंटिमीटरला ९० टाके येतात. दोन सुलट दोन उलट बॉर्डर दोन सुयांवर विणणार असाल तर टाके चारच्या पटीत अधिक दोन ठेवावेत. ९० त्या हिशेबात बसतात. ४१ सेंटिमीटरच्या डोक्याला असेच १०२ किंवा १०६ टाके होतील. बॉर्डरसाठी एक नंबर बारीक सुई, म्हणजे अकरा नंबर घ्या. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढतो तशी सुई बारीक होते आणि नव्या सुयांवर मिलिमीटर छापलेले असतात. दुकानात दोन्ही विचारून घ्या. प्रत्येकीचा हात वेगळा असतो, म्हणून २८ टाके हे माझ्या सांगण्यावर धरू नका. चार बोटं रुंदीचा नमुना विणून स्वतःच मोजा.

धाग्याबद्दल थोडं, कारण काठाची पद्धत धाग्यावरही अवलंबून असते. ठाण्यात १९२५ साली लोकरीची गिरणी उभी राहिली आणि तीच पुढे रेमंड म्हणून देशभर गाजली. पण हाताने विणायच्या लोकरीचे गुंडे आपल्या दुकानांत बहुतकरून लुधियानाहून येतात आणि त्यांतले पुष्कळसे ॲक्रिलिकचे असतात. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीसाठी उत्तम, पण बाळाच्या कपाळाला ती टोचते. ॲक्रिलिकला अंगचा ताण असतो, ते ओढलं तर परत येतं. सुती धागा परत येत नाही. म्हणून सुती टोपड्याला बॉर्डर जास्त उंच ठेवावी, टाके चार-पाच कमी करावेत आणि काठाची पद्धत हमखास लवचीक निवडावी. दिव्यातल्या दमट हवेत मला सुती किंवा सुती मिसळलेला धागाच जास्त बरा वाटतो. टाळूला तेल लावतात, टोपडं तेलकट होतं, ते रोज धुवावं लागतं, आणि सूत धुण्याला टिकतं. ॲक्रिलिक घातलेलं बाळ शेगडीच्या किंवा धुरीच्या निखाऱ्याजवळ मुळीच नेऊ नका. तो धागा उष्णतेने वितळतो. शेक देताना टोपडं काढून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. सैल काठ आणि लवचीक काठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काठ घट्ट होतो म्हटल्यावर सगळ्यांत जास्त मिळणारा सल्ला म्हणजे जाड सुईवर टाके घाला, किंवा दोन सुया एकत्र धरून त्यांवर घाला. त्याने काय होतं ते नमुन्यावर पाहा. सुईवरचे फास मोठे होतात, पहिली ओळ ढगळ दिसते, पण टाक्यांना खालून जोडणारा धागा तेवढाच आखूड राहतो. काठ रुंदीला वाढतो तो या जोडधाग्यामुळे, फासामुळे नव्हे. म्हणून जाड सुईऐवजी दोन टाक्यांमध्ये अंतर ठेवा. नवा टाका ओढताना उजव्या हाताचं बोट मागच्या टाक्याजवळ सुईवर टेकवा आणि बोटाच्या पुढे नवा टाका बसवा. सुईच्या जाडीइतकी फट राहिली की जोडधागा आपोआप लांब होतो. ज्या सुईवर बॉर्डर विणायची तीच सुई टाके घालायला वापरा. एवढ्या एका सवयीने नेहमीच्या पद्धतीचाही काठ सुधारतो.

दोन धाग्यांची, अंगठ्यावरची पद्धत ही टोपड्यासाठी माझी पहिली पसंती. गुंड्याचा धागा तर्जनीवरून आणि सुटं शेपूट अंगठ्यावरून घ्यायचं, दोन्ही टोकं मुठीत धरायची. सुई अंगठ्याच्या वेढ्याखालून वर आणायची, तर्जनीवरचा धागा पकडायचा, तो अंगठ्याच्या वेढ्यातून बाहेर काढायचा, अंगठा सोडायचा आणि शेपूट हलकेच ओढायचं. टाका घातला जातो तेव्हाच त्याच्या खाली एक विणलेली ओळ तयार होते, म्हणून हा काठ नेटका दिसतो आणि बराच ताणतो. सुरुवातीला सरकगाठ मारू नका. धागा सुईवर नुसता टाकून त्याला एक पीळ द्या, तोच पहिला टाका. सरकगाठीचा कडक ठिपका बाळाच्या मानेखाली येतो आणि आपल्या लक्षातही येत नाही.

या पद्धतीत शेपूट किती ठेवायचं हा नेहमीचा प्रश्न. सुईभोवती धाग्याचे दहा वेढे घ्या, ते उलगडून मोजा, म्हणजे दहा टाक्यांना लागणारा धागा कळेल. ९० टाक्यांसाठी त्याच्या नऊपट धागा आणि वर मागची शिवण घालायला दोन वीत जास्त. तीच शिवण त्याच शेपटाने घातली की एक टोक लपवायचं वाचतं. मोजायचं नसेल तर गुंड्याचं आतलं टोक आणि बाहेरचं टोक एकत्र बांधा, एक अंगठ्यावर आणि एक तर्जनीवर घ्या, टाके घालून झाल्यावर आतलं टोक कापा आणि ती गाठ सुईवरून सोडून द्या. मग शेपूट कधीच कमी पडत नाही.

याच पद्धतीला एक पीळ जास्त दिला की काठ आणखी ताणतो. युरोपातल्या विणकर बायकांमध्ये ही पद्धत जर्मन किंवा जुनी नॉर्वेजियन म्हणून ओळखली जाते. हातांची मांडणी तीच. सुईचं टोक अंगठ्यावरच्या दोन्ही धाग्यांखालून पलीकडे न्यायचं, मग वरून अंगठ्याच्या वेढ्यात बुडवून आपल्याकडे वर काढायचं. आता तर्जनीवरचा धागा पकडायचा. अंगठ्याजवळचे धागे एकमेकांवरून गेलेले दिसतील. अंगठा जरा वाकवला की त्यांच्यामध्ये मोकळी जागा होते, त्या जागेतून सुई परत बाहेर आणायची आणि अंगठा सोडायचा. पहिल्या दहा-बारा टाक्यांना बोटं अडखळतात, नंतर हात चालू लागतो. प्रत्येक टाक्याच्या तळाशी धागा जास्त जातो, म्हणूनच तो जास्त पसरतो; शेपूटही तेवढं लांब ठेवा. सुती धाग्याला आणि दोन सुलट दोन उलट बॉर्डरला ही पद्धत घ्या. एकच नवी पद्धत शिकायची असेल तर हीच शिका, असं मी सांगेन.

पुष्कळ घरांत शिकवली जाते ती विणून टाके घालायची पद्धत: डाव्या सुईवरच्या टाक्यात उजवी सुई घालून सुलट टाका विणायचा आणि तो परत डाव्या सुईवर चढवायचा. एकाच धाग्याने काम होतं, शेपटाचा हिशेब नाही, म्हणून ती सोपी वाटते. काठ मऊ येतो, ताणतोही ठीक, पण ताणून परत येण्यात कमी पडतो. काही धुण्यांनंतर काठाला लहान लहान वेढे लोंबायला लागतात. बाळाचं बोट त्यात अडकू शकतं. दुसरी पद्धत हिचीच बहीण, जिच्यात सुई टाक्यात न घालता शेवटच्या दोन टाक्यांच्या मधून घालतात. तिने काठ भक्कम आणि देखणा येतो. बटणाच्या काजाला, पिशवीच्या तोंडाला, स्वेटरच्या खिशाला ती उत्तम. टोपड्याच्या कपाळावरच्या काठाला मात्र ती नको, कारण ती ताणतच नाही. घट्ट टोपड्याची तक्रार येते तेव्हा पुष्कळदा काठ याच पद्धतीचा असतो. आजीला बंद हवेच असतील आणि तिचं मन मोडायचं नसेल, तर बंद मात्र याच पद्धतीने करा: हवे तेवढे टाके घाला, पुढच्याच ओळीत बंद करा, चपटी नीट नाडी तयार होते. ती आखूड ठेवा आणि बाळ झोपलं की सोडा.

बोटावर नुसता वेढा घेऊन सुईवर चढवायची पद्धत टोपड्याच्या सुरुवातीला वापरू नये. पहिली ओळ विणताना टाक्यांमधला धागा वाढत जातो आणि शेवटी हातभर लोंबतो. मधेच एखाद-दोन टाके वाढवायचे असतील तेवढ्यापुरती ती ठीक.

हात बसलेला असेल आणि एक सुलट एक उलट बॉर्डर करायची असेल, तर नळीसारखा पोकळ काठ करून पाहा. त्याला खालच्या बाजूला कडच दिसत नाही, सुलट टाके काठावरून वळून मागे उलट होतात. कपाळाला काहीही टोचत नाही आणि बॉर्डर ताणेल तितका काठ ताणतो. वेगळ्या रंगाच्या गुळगुळीत सुती धाग्याने हवे त्याच्या निम्मे टाके घाला. ८९ टाके हवेत तर ४५. मग टोपड्याच्या धाग्याने एक सुलट विणा, धागा सुईवरून घ्या, पुन्हा एक सुलट, असं शेवटच्या सुलट टाक्यापर्यंत; ८९ टाके होतील. उलट बाजूने: पहिला टाका धागा पुढे ठेवून न विणता उचला, सुईवरून घेतलेला वेढा सुलट विणा, असंच पुढे. सुलट बाजूने: सुलट टाका सुलट विणा, पुढचा धागा पुढे ठेवून न विणता उचला. अशा चार ओळी झाल्या की नेहमीची एक सुलट एक उलट बॉर्डर सुरू करा. थोडी बॉर्डर झाल्यावर वेगळ्या रंगाचा धागा कापून काढून टाका. या चार-पाच ओळींना सुई दोन नंबर बारीक घ्या, नाहीतर काठ झालरीसारखा उघडतो. वेळ लागतो, पण बारशाला द्यायच्या टोपड्याला हा काठ शोभून दिसतो.

काठ दुमडायचा आहे की नाही, हे टाके घालण्याआधीच ठरवायचं. दुमडलेली बॉर्डर उपयोगाची असते, कारण बाळ वाढलं की ती उलगडून टोपडं खोल करता येतं. घेराचं काम ताण करतो, उंचीचं काम दुमड. पण दुमडल्यावर काठाची आतली बाजू बाहेर येते. अंगठ्यावरच्या पद्धतीत टाके घालताना जी बाजू आपल्याकडे असते ती गुळगुळीत असते आणि मागची खडबडीत. काठ दुमडायचा नसेल तर टाके घालून झाल्यावरची पहिली ओळ आतल्या बाजूची धरा, म्हणजे गुळगुळीत बाजू बाहेर राहते. दुमडायचा असेल तर तीच पहिली ओळ बाहेरच्या बाजूची धरा. दुहेरी शिवलेला काठ, म्हणजे आत वळवून टाचलेली पट्टी, आपल्या हवेत मी करू नये म्हणेन. कपाळाभोवती दोन थर होतात आणि बाळ घामेजतं.

दोन सुयांवर विणून मागे शिवण घालायची, की दुतोंडी चार-पाच सुयांवर गोल विणायचं? बाळ सतत पाठीवर पडलेलं असतं, मागची जाड शिवण त्याला रुतते, म्हणून गोल विणणं मला पसंत. गोल विणताना काठ पिळला गेला तर पुढचं सगळं उसवावं लागतं. त्यावर सोपा उपाय: पहिली ओळ सरळ दोन सुयांवर विणून घ्या, मग टाके सुयांवर वाटून गोल जोडा. एक ओळ विणलेली असली की काठ कुठे वळला ते स्पष्ट दिसतं. जोडाच्या ठिकाणची छोटी फट टाके घालताना राहिलेल्या शेपटाने शेवटी भरून काढता येते. गोल विणताना दोन सुलट दोन उलट बॉर्डरसाठी टाके नुसते चारच्या पटीत घ्या; ९० ऐवजी ८८.

दिव्याहून सकाळच्या लोकलमध्ये कोपर हलवायला जागा नसते. तिथे टाके घालायला बसू नका. मोजणं चुकतं आणि ताण असमान येतो. टाके आणि पहिल्या दोन ओळी घरी शांतपणे करा, आणि मधला सरळ विणण्याचा भाग दुपारच्या गाडीसाठी किंवा वसई-पनवेलच्या गाडीची वाट पाहण्यासाठी ठेवा. गाडीत बांबूच्या सुया चांगल्या, टाके त्यांवरून घसरत नाहीत. कोकणातल्या माहेरी बाळंतपणाला जाणाऱ्या मुलीसाठी विणत असाल, तर परतीच्या सावंतवाडी-दिवा गाडीत खिडकीचा वारा दिवसभर लागतो हे लक्षात ठेवा. तिथे कान झाकणारं, काठ नीट बसणारं टोपडं खरं कामाला येतं.

काठ जमला का, हे टोपडं संपेपर्यंत थांबून पाहायचं नाही. बॉर्डरच्या पाच-सहा ओळी झाल्या की टाके एखाद्या लांब धाग्यावर काढा आणि काठ दोन्ही हातांनी ओढा. बॉर्डर जिथपर्यंत ताणते तिथपर्यंत काठ यायला हवा आणि सोडल्यावर दोन्ही एकत्र परत यायला हवेत. काठ आधी थांबला तर उसवा. पाच ओळींचंच काम आहे. काठ ताणला पण लहरी राहिला, तर टाक्यांमधली फट थोडी कमी करा. पूर्ण झालेलं टोपडं घालून पाहायला बाळ अजून आलेलं नसतं. अशा वेळी सोललेला मोठा नारळ घ्या, मापपट्टीने घेर मोजा. ३४-३५ सेंटिमीटरचा मिळाला तर त्यावर टोपडं रात्रभर चढवून ठेवा. सकाळी काढल्यावर काठ पूर्वीच्या मापाजवळ परत आला पाहिजे.

काही जणी टोपडं वरून, म्हणजे टाळूकडून सुरू करतात. तेव्हा धाग्याचं एक छोटं कडं करून त्यातून क्रोशाच्या सुईने आठ टाके ओढतात, ते दुतोंडी सुयांवर घेतात आणि शेवटी शेपूट ओढून भोक बंद करतात. धागा कमी असेल तर ही रीत चांगली, असेल तेवढा धागा संपवता येतो. विणता विणता डोक्यावर घालून पाहता येतं हा तिचा मोठा गुण, पण तो बाळ घरात आल्यावरच उपयोगी. आणि लक्षात घ्या, अशा टोपड्यात कपाळावर येतो तो टाके बंद केल्याचा काठ. तो लवचीक होण्यासाठी दोन टाके मागच्या बाजूने एकत्र सुलट विणा, आलेला टाका परत डाव्या सुईवर सरकवा, पुन्हा पुढच्या टाक्याबरोबर एकत्र विणा, शेवटपर्यंत असंच. हात ढिला ठेवा.

टोपडं कधी घालायचं, हेही देताना सांगावं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या अंगाच्या मानाने डोकं मोठं असतं आणि तिथून उष्णता बरीच जाते, म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या तासांत आणि कमी वजनाच्या बाळांना टोपडं घालतात. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एदगार रे सानाब्रिया यांनी सुरू केलेल्या कांगारू पद्धतीत बाळ आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवतात, तेव्हाही डोक्यावर टोपडं आणि पायांत मोजे असतात. पण निरोगी बाळाला घरात, झोपताना टोपडं घालू नये. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये दिलेल्या सल्ल्यात हे स्पष्ट म्हटलं आहे, कारण अंग जास्त तापणं बाळाच्या झोपेत धोक्याचं असतं. दिव्यातल्या पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या घरात हा सल्ला अधिकच पाळावा. रुग्णालयातल्या बाळांसाठी विणून द्यायची इच्छा असेल तर आधी तिथल्या परिचारिकांना विचारा: माप कोणतं, धागा कोणता, धुण्याची रीत काय. कमी दिवसांच्या बाळाचं डोकं वर दिलेल्या मापांहून बरंच लहान असतं, आणि गोंडा, मणी, बटण त्यावर नकोच.

एवढं करूनही पूर्ण झालेलं टोपडं काठाशी घट्ट निघालं तर ते उसवून टाकू नका. काठाच्या वरच्या दुसऱ्या ओळीतले सगळे टाके एका बारीक सुईवर उचला. त्याच्या खालच्या ओळीतला एक धागा मधोमध कात्रीने कापा आणि सुईच्या टोकाने तो एकेका टाक्यातून सोडवत दोन्हीकडे काढत न्या. घातलेल्या टाक्यांचा काठ वेगळा होऊन गळून पडेल. सुईवर मोकळे टाके राहतील. नवा धागा जोडा, बॉर्डर धरून दोन ओळी खाली विणा आणि वर सांगितल्याप्रमाणे दोन-दोन टाके एकत्र विणत ढिल्या हाताने बंद करा. उलट्या दिशेने विणल्यामुळे सुलट-उलट रांगा अर्ध्या टाक्याने सरकतात, पण काठाजवळ ते दिसत नाही. दोन्ही टोकं बॉर्डरच्या उलट टाक्यांमधून उभी ओवा. आडवी ओवली तर काठ पुन्हा आवळतो.